आक्कांनी सांगून ठेवलं होतं

खालच्या मजल्यावरच्या बाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रोज सकाळी उन्हं गॅलरीत उतरायच्या सुमाराला त्यांच्या खिडकीतून धुरीचा वास वर येतो. आधी नुसत्या निखाऱ्यांचा, मग त्यावर ओवा पडला की उग्र, किंचित कडसर, आणि त्याच्या मागून भाजलेल्या बाळंतशेपांचा गोडूस. तो वास आला की मी हातातलं काम ठेवून गॅलरीत येऊन उभी राहते. खाली बाळ रडत असतं, कुणीतरी त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालत असतं. घरात पाळणा आला की हा वास यायचाच, असं आपण धरून चालतो. माझ्या आयुष्यात मात्र तो तीनदा आला आणि पाळणा दोनदाच. मधल्या त्या धुरीबद्दल मी आजवर कुणाशी सविस्तर बोलले नाही. लपवावं असं मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. पण कुणाला किती कळा आल्या, कुणाचं बाळ आडवं होतं, कुणाला टाके पडले, हे बायका तासन्‌तास बोलू शकतात. गर्भपाताचा विषय निघाला की आवाज खाली जातो आणि शब्द संपतात. कुणी ‘पाडलं’ म्हणतं, कुणी ‘साफ करून घेतलं’, कुणी ‘मोकळी झाली’. यातला एकही शब्द मला कधी माझा वाटला नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही अंबरनाथला पूर्वेला एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे सामाईक ओटा, चाळीच्या टोकाला नळ आणि कपडे धुवायचा दगड. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखालच्या फळीवर माझी शाळेची पुस्तकं आणि मुलीच्या औषधांच्या बाटल्या. हे केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. कितीही धुतलं तरी ह्यांच्या शर्टाला एक आंबूस वास राहायचाच. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच पुन्हा रुजू झाले होते. मुलगी सात महिन्यांची होती. तिच्या वेळी माझं ब्लडप्रेशर इतकं चढलं होतं की मला झटके आले, पोट कापून तिला काढावं लागलं, आणि त्यानंतरचे काही दिवस मी कुठे होते हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसांतलं एकच आठवतं. कपाळावर ठेवलेला एक रुंद, खरखरीत तळवा. तो आक्कांचा.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. बदलापूरजवळ सोनिवलीत दिलेली. उंच, सावळी, हाडापेराने मजबूत बाई. चालायला लागली की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. त्यांचे मालक पाणीपुरवठ्यात नोकरीला, बारवी धरणाच्या बाजूला. घरामागे भाताचा एक तुकडा, तो आक्काच बघत. मोठ्याने हसत, मोठ्याने बोलत, आणि एका गोष्टीबद्दल मात्र चकार शब्द काढत नसत. त्यांना मूल नव्हतं. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा, कधी अडीच महिन्यांवर तर कधी चौथ्यात, गर्भ आपोआप गेला. हे मला माझ्या लग्नात कुणीतरी कानात सांगितलं होतं, ‘त्यांच्यासमोर काही बोलू नकोस’ एवढ्यासाठी. त्यामुळे मी त्यांच्यासमोर आई होतानाही जरा दबकूनच होत असे. त्या मात्र माझ्या मुलीला पहिल्या दिवसापासून असं हाताळत, जणू जन्मभर हेच केलंय.

पौष महिन्याची थंडी होती. एका सकाळी फोडणीत लसूण पडला आणि त्या वासाने माझ्या पोटातून असं काही उसळून आलं की मी तशीच मोरीकडे धावले. तोंड धुऊन उभी राहिले तेव्हाच मला कळलं होतं. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, असं सगळ्या बायका सांगत. त्या भरवशावर मी होते. बाळंतपणानंतर मला पाळी अजून आलीच नव्हती, त्यामुळे चुकली कधी हे कळायलाही जागा नव्हती. पण आदल्या काही दिवसांपासून मुलगी छातीशी आली की दोन घोट घेऊन तोंड फिरवत होती. दुधाची चव बदलली होती बहुधा. माझ्या आत कुणी आलंय हे माझ्या आधी तिला कळलं होतं.

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात एक सिंधी डॉक्टरीणबाई होत्या. शाळेतल्या एका बाईंनी त्यांचं नाव सांगितलं होतं. खाली परकर शिवायचा कारखाना, शेजारी पापडवाला, आणि दोहोंच्या मधून वर जाणारा अरुंद जिना. बाई वयस्कर होत्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला, मराठी-हिंदी दोन्ही एकदमच बोलत. त्यांनी तपासलं, माझ्या पोटावरचा टाक्यांचा व्रण बोटाने हलकेच चाचपला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

“हे बघ बेटा, दोन महिने होत आलेत. तुझी पिशवी आतून अजून कच्ची आहे, टाके भरायला टाइम लागतो. वरून तुला झटके आले होते. मी तुला डरवत नाही, पण झूठ पण नाही बोलणार. ठेवायचं असेल तर मोठ्या हॉस्पिटलात नाव घाल, मी चिठ्ठी देते. नको असेल तर आत्ता लवकर आहे, काम सोपं आहे. सोचके बोल. आणि तू बोल, घरवाले नाही.”

सोपं म्हणजे काय, हेही त्यांनी नीट सांगितलं. झोपेचं इंजेक्शन देईन, पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी जाशील. नंतर पाळीसारखं अंगावर जाईल, आठ-दहा दिवस, कमीजास्त. ओटीपोटात दुखेल, त्याला गोळी देते. ताप भरला, घाण वास यायला लागला, किंवा तासाभरात कापडाची घडी भिजून गेली, तर लाजत बसायचं नाही, सरळ इथे यायचं. मी विचारलं, “आणि बाकी?” त्या म्हणाल्या, “बाकी काय? दोन दिवस आराम.” मला ‘बाकी’ म्हणजे काय विचारायचं होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

हे पाळीवरून घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ मुलीच्या पायातला वाळा फिरवत बसले. मग म्हणाले, “तू त्या वेळी आत होतीस. बाहेर मी होतो. ते पुन्हा मला बघवणार नाही.” आणि थोड्या वेळाने, “पण तुला हवं असेल तर...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला हवं होतं का? मरणाची भीती खरी होती, तिच्यात खोटं काही नव्हतं. पण भीतीच्या मागे आणखी एक साधी गोष्ट उभी होती. माझं अंग अजून माझ्याकडे परत आलं नव्हतं. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थरथरत, तिथला जिना चढला की डोळ्यांपुढे काळोखी येई, आणि जी होती तिला पुरेल इतकं दूधही मला येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काही धोका नाही म्हटलं असतं, तरी मी बहुधा नाहीच म्हटलं असतं. मी ठरवलं. ठरवल्याबरोबर बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा धक्का बसला.

त्या रविवारी आक्का आल्या. ओच्यात कोवळ्या वालाच्या शेंगा घेऊन. हे मुलीला घेऊन ओट्यावर बसले होते. मी नळावर दुपटी धूत होते, आक्का माझ्या हातातली ओढून घेऊन स्वतःच पिळायला लागल्या. ह्यांच्याकडून त्यांना बाहेरच कळलं असावं, कारण त्यांनी थेटच विचारलं, “किती झाले?”

“दोन महिने होतील.”

त्यांनी दुपटं पिळलं. झटकलं. पुन्हा पिळलं. पाणी केव्हाच संपलं होतं त्यातलं. मग वर न बघता म्हणाल्या, “मला दे.”

मला आधी वाटलं, बादलीतलं दुसरं दुपटं मागतायत.

“नऊ महिने तेवढे तू सांभाळ,” त्या म्हणाल्या. “पुढचं सगळं मी बघते. न्हाऊमाखू, दुखलंखुपलं. तुझ्या अंगाला तोशीस लागू द्यायची नाही. तुलाच आई म्हणेल ते, मी काही मागणार नाही.”

नळाचं पाणी बारीक धारेने बादलीत पडत होतं. एवढी धिप्पाड बाई, पण आवाज इतका लहान मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी म्हणाले, “आक्का, मला भीती वाटते.”

“मरायची?”

“हो. आणि मी नाही राहिले तर हिचं काय, त्याची.”

त्यांनी ते दुपटं दोरीवर टाकलं, चारी कोपरे सरळ केले, वर चिमटा लावला. “मग नको,” म्हणाल्या. “नको गं बाय. मी विचारलं म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. विचारलं नसतं तर मलाच जन्मभर खात राहिलं असतं, म्हणून विचारलं.” आणि लगेच, नेहमीच्या मोठ्या आवाजात, “कधी जायचंय? मी येते बरोबर. आणि नंतर सोनिवलीला चल माझ्याकडे. इथे चाळीत तुला पडू देणार आहे कोण?”

ज्या बाईला तीनदा मूल हातातून निसटून गेलं, जिने आत्ताच पदर पसरला होता आणि मी नाही म्हटलं होतं, तीच बाई त्या दिवशी कॅम्प दोनच्या त्या अरुंद जिन्यावर माझ्या पाठीमागून, एका हाताने मला सावरत आणि दुसऱ्या हातात माझ्या मुलीला घेऊन चढली. मी कितीदा विचार केला आहे, मी त्यांच्या जागी असते तर आले असते का. 

आतल्या खोलीत गार होतं. टेबलावर रबरी कापड घातलेलं, त्याचा स्पर्श अजून पाठीला आठवतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालावर थोपटलं, “डर मत”, म्हणाल्या, आणि हातात सुई गेली. पुढचं काही मला माहीत नाही. जाग आली ती आवाजाने. खालच्या कारखान्यातली मशिनं जमिनीतून वर घरघरत होती आणि क्षणभर मला वाटलं की ती घरघर माझ्याच पोटातून येतेय. तोंड कोरडं पडलं होतं. ओटीपोटात, अगदी खाली, कुणी मूठ वळून सोडावी, पुन्हा वळावी तसं दुखत होतं. मांड्यांमध्ये जाड घडी, ऊबदार ओली. मी रडत होते, असं मला आक्कांनी डोळे पुसल्यावर कळलं. “औषधाने येतं तसं रडू,” त्या म्हणाल्या. “हे खरं रडू नाही. खरं नंतर येईल. आलं की घाबरू नकोस.”

रिक्षाने बदलापूरपर्यंत, मग गावातल्या बैलगाडीतून अगदी सावकाश, असं आम्ही सोनिवलीला गेलो. भात कापून झालेलं, खाचरांतून वाल हिरवे उभे, बांधावर धुकं. घराच्या मागच्या खोलीत आक्कांनी खाट घातली होती. मला आडवं करून त्या उशाशी बसल्या आणि तान्ह्या बाळाला सांगावं तसं, एकेक करून, पुढे काय काय होईल ते सांगू लागल्या. मळमळ उद्यापर्यंत जाईल, आणि गेली की तुला वाईट वाटेल. बरं वाटायला हवं असतं, पण वाईटच वाटतं. अंगावर जाईल ते एकसारखं जाणार नाही; दोन दिवस कमी होईल, तुला वाटेल संपलं, आणि मग एखाद दिवशी उठून उभी राहिलीस की एकदम गाठीच पडतील, बोराएवढ्या, काळसर. त्याने दचकायचं नाही. त्याहून मोठ्या पडल्या, किंवा थांबेचना, तर मला हाक मार, मी गाडी जुंपायला सांगते. कंबर मोडल्यासारखी होईल. घाम फुटेल, मग थंडी वाजेल. भूक लागेल, आणि भूक लागली याचाच तुला राग येईल.

“तुम्हाला कसं...” असं मी म्हणाले आणि थांबले.

“मला सांगायला कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुला सांगते.”

सगळं तसंच झालं. एक मात्र त्यांनाही माहीत नव्हतं, कारण त्यांच्या वेळी पाजायला कुणी नव्हतंच. पहिल्या संध्याकाळी मुलगी भुकेने रडायला लागली तशी मी तिला जवळ घेतलं. इतके दिवस तोंड फिरवणारी पोरगी हावऱ्यासारखी प्यायला लागली, आणि तिच्या प्रत्येक घोटाबरोबर माझ्या ओटीपोटात कळ येऊ लागली, खरीखुरी कळ, बाळंतपणासारखी. खाली भळभळ सुरू झालं. मी घाबरून तिला सोडवायला गेले, तर आक्कांनी माझा हात धरला. जरा बघू दे म्हणाल्या. मग ते आवरलं. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मूल प्यायला लागलं की पिशवी आवळते, ते चांगलंच असतं, पिशवी लवकर जागेवर येते. चांगलं होतं, मला मान्य आहे. पण एक मूल ओठांनी ओढतंय आणि दुसऱ्याच्या जागेची दारं त्याच ओढीने आत मिटत चालली आहेत, हे ज्या बाईच्या अंगात घडलं तिने ते कुठल्या खात्यात मांडावं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आक्कांनी शेगडीवर ओवा टाकला. मला धुरी दिली. बाळंतशेपा भाजून, उकळून त्यांचं पाणी प्यायला दिलं, कपाळाला घट्ट फडकं बांधलं. मी म्हणाले, “आक्का, हे कशाला? हे तर बाळंतिणीला...” त्या निखाऱ्यांवर फुंकर घालत होत्या. डोळे धुराने लाल झालेले. “मग तू कोण आहेस?” त्या म्हणाल्या. “अंगाला काय कळतं पोर आलं का नाही? अंगाला एवढंच कळतं की कुणीतरी होतं आणि आता नाही. त्याला शेक लागतो.” त्यांना कुणी कधी धुरी दिली नव्हती. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ती शेगडी ज्या निगुतीने त्या फुलवत होत्या, त्यावरून मला ते कळलं.

खरं रडू दहा-बारा दिवसांनी आलं. तोवर मी खूश होते म्हटलं तरी चालेल. जेवत होते, झोपत होते, मुलीशी खेळत होते. एक मोठं ओझं उतरल्यासारखं अंग हलकं झालं होतं. आणि एका दुपारी अंगणात बसून वाल सोलत असताना, टरफलातून एक अगदी कोवळा, अजून न भरलेला दाणा बोटावर आला. एवढंच. मी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि रडायला लागले. कशासाठी म्हणून विचाराल तर मला सांगता आलं नसतं. मी पुन्हा विचारलं असतं स्वतःला, तर उत्तर तेच आलं असतं जे आधी दिलं होतं. पश्चात्ताप नव्हता तो. दुःख होतं. ही दोन वेगळी आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि आपल्याकडे बाईला दोन्हींतलं एकच घेण्याची मुभा असते. दुःख दाखवलंस तर लोक म्हणणार, मग केलंस कशाला. आणि केलंस तर आता रडतेस कशाला. त्यानंतरच्या आठवड्यात मला ह्यांचाही राग आला. ते रविवारी संत्री घेऊन आले, ‘कशी आहेस’ म्हणाले, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ज्याच्या अंगावरून काहीच गेलं नव्हतं अशा माणसाने संत्री सोलावी, हेच मला सहन होईना. ते बिचारे एकेक फोड बशीत ठेवत बसले. जाताना आक्कांना विचारताना मी ऐकलं, “रागावलीय का ती?” आक्का म्हणाल्या, “हो. राहू दे. येत जा तू.” ते येत राहिले. राग केव्हा गेला ते कळलं नाही, पण गेला.

पौर्णिमेला आक्कांच्या घरी वंदना असे. चार घरच्या बायका येत. मीही उठून बसले, मेणबत्ती लावली, आणि पंचशील सुरू झालं तसं पहिल्याच शीलाला माझा आवाज अडकला. लहानपणापासून पाठ असलेलं; जीव घेण्यापासून दूर राहण्याचं ते वचन. बाकीच्या बायका पुढे गेल्या, मी तिथेच राहिले. सगळ्या गेल्यावर आक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी मला समजावलं नाही, की तुझं चुकलं नाही, की तो अजून जीव नव्हता. त्या म्हणाल्या, “माझी तीन गेली तेव्हा मला पण म्हणता यायचं नाही. मी कुणाला काही केलं नव्हतं, तरी. वाटायचं, माझ्याच अंगाने घेतले.” मग जरा थांबून, “तुला येईल तेव्हा म्हण. तोवर मी म्हणते, तू नुसती बस.” मी कितीतरी पौर्णिमा नुसती बसले. मग एकदा म्हणता आलं. त्यात काही साक्षात्कार वगैरे झाला नाही, नुसतं म्हणता आलं.

महिन्या-सव्वा महिन्याने पाळी आली, वेळेवर, मुकाट्याने. मी शाळेत परतले. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी तांबी बसवून दिली. जखम भरली, असं कुणालाही वाटलं असतं, मलाही वाटलं. फक्त श्रावण आला तसं मन विनाकारण खाली खाली जायला लागलं; हिशेब न करताही शरीराने हिशेब ठेवला होता, ज्या दिवसांत बाळ व्हायचं होतं ते दिवस त्याला पाठ होते. त्या वर्षी फार झालं, पुढच्या वर्षी कमी, त्याच्या पुढे आणखी कमी. तीन-चार वर्षांनी, पूर्ण देखरेखीखाली, मला मुलगा झाला. झटके आले नाहीत. आक्का आल्या, ओव्याची धुरी झाली, बाळंतशेपा झाल्या, आणि त्यांनी त्याचं सगळं केलं, अगदी हसतखेळत. नळावर मागितलेल्या त्या गोष्टीचा उल्लेख आमच्या दोघींत कधी झाला नाही. मला वाटलं, त्या विसरल्या.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यात कधीतरी, एका श्रावणात मी मुलांना घेऊन सोनिवलीला गेले होते. आक्का खाचरात बेणणीला वाकल्या होत्या, गुडघाभर चिखलात, भाताच्या रोपांतलं तण उपटत. मी बांधावर छत्री धरून बसले होते. मुलगी आणि मुलगा पलीकडे पाटाच्या पाण्यात खेकडे शोधत होती. आक्कांनी कंबर सरळ केली, कपाळावरचा घाम दंडाने पुसला आणि मुलांकडे बघत म्हणाल्या, “मधलं आता पहिलीत असतं.”

मी छत्री खाली ठेवली.

“माझं थोरलं तर लग्नाला आलं असतं,” त्या म्हणाल्या. अगदी सहज, पेरणीबद्दल बोलावं तसं. “मी चौघांचं धरते. तीन माझी आणि एक तुझं. तुला चालतं ना?”

मी मान हलवली. त्या पुन्हा वाकल्या आणि तण काढू लागल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या लेकराची आठवण या जगात एकट्या माझ्याकडे आहे. आणि इथे ही बाई त्याला दरवर्षी एकेक वर्षाने मोठं करत होती, आपल्या तिघांच्या मागे उभं करून. मी द्यायला नाही म्हटलं होतं, आणि तरी त्यांनी ते घेतलं होतं. माझं काहीही न हिरावता.

आक्का त्यानंतर फार वर्षं राहिल्या नाहीत. काविळीने गेल्या, शतक संपायच्या थोडं आधी. त्यांच्या पुण्यानुमोदनाला अंगणात माणूस मावत नव्हता. ज्यांच्या ज्यांच्या घरी त्या अडीनडीला धावल्या होत्या ते सगळे आले होते. भन्तेजींचं बोलून झाल्यावर लोक उठू लागले आणि माझ्यामागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “चांगली होती बाई. पण मागे कुणी नाही गं तिच्या.” सोबतची हळहळली. मी मागे वळले नाही. आमच्यात आत्मा मानत नाहीत, गेलेलं माणूस कुठे जातं याच्या गोष्टी आम्ही मुलांना सांगत नाही, आणि मीही कधी तसं काही मानलेलं नाही. तरी त्या अंगणात, संपत आलेल्या मेणबत्त्यांसमोर बसून, मला पुन्हा पुन्हा दिसत होतं, की भराभर चालणारी एक उंच बाई पुढे निघाली आहे आणि तिच्याबरोबर चालता यावं म्हणून चार पोरं धावतायत.